‘कसंतरीच’ वाटण्याचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोनेक वर्षांमागची गोष्ट. परभणीतल्या एका दवाखान्यात मी रक्तदाबाची चिठ्ठी हातात धरून बाकावर बसलो होतो. तपासायला बसलेला डॉक्टर तरुण होता, उत्तरेकडून नुकताच आलेला. माझ्या आधी पालमकडच्या एका आजींचा नंबर होता. डॉक्टरनं विचारलं, ‘‘क्या हो रहा है, माँजी?’’ आजी म्हणाल्या, ‘‘कसंतरीच व्हतंय.’’

‘‘दर्द है?’’

‘‘दुखत न्हाई.’’

‘‘चक्कर?’’

‘‘न्हाई बा.’’

‘‘फिर क्या हो रहा है?’’

‘‘आरं लेकरा, सांगितलं की. कसंतरीच व्हतंय.’’

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मोठ्या उत्साहानं भाषांतर केलं, ‘‘कुछ अजीब सा लग रहा है, बोल रही हैं.’’ त्यानं विचारलं, ‘‘अजीब मतलब?’’ झालं. तीस वर्षं कविता लिहितो, तीन संग्रह छापून झालेत, पण मला पुढं बोलता येईना. तेवढ्यात आतून नर्सबाई आल्या. आमच्याकडच्याच असाव्यात. म्हणाल्या, ‘‘सर, ईसीजी काढा. म्हातारं माणूस कसंतरीच होतंय म्हणालं तर त्याला घरी पाठवायचं नसतं.’’ ईसीजी काढला. पट्टी बरी नव्हती. आजींना लगेच वर नेलं. पुढं त्या बऱ्या होऊन गावी गेल्या, हे मला नर्सबाईंकडूनच कळलं.

घरी आलो आणि तो शब्द कागदावर लिहून काढला. आयुष्यभर वापरलेला शब्द, पण त्याच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं. ‘कसं’, ‘तरी’ आणि ‘च’ असे तीन तुकडे आहेत. ‘कसं’ हा प्रश्न आहे. ‘तरी’ लागला की प्रश्न विरतो, नेमकं ठाऊक नाही एवढंच उरतं. आणि ‘च’ ठासून सांगतो की, नेमकं ठाऊक नसलं तरी आहे हे नक्की. व्याकरणाच्या पुस्तकात याला क्रियाविशेषण म्हणून मोकळे होतात.

गंमत या ‘च’मध्ये आहे. तो काढून पाहा. ‘पावसात कसंतरी घर गाठलं’ म्हणालो तर त्यात दमणूक आहे, निभावून नेणं आहे, पण गूढ काही नाही. ‘घर कसंतरीच वाटलं’ म्हणालो की ऐकणारा हातातलं काम सोडून आपल्याकडं पाहतो. एका अक्षरानं निभावण्याची अस्वस्थता होते. याचा सख्खा भाऊ ‘काहीतरीच’. त्याचा स्वभाव मात्र उलटा. ‘काहीतरीच बोलता तुम्ही!’ म्हणून समोरच्याचं बोलणं उडवून लावता येतं, लाडानंसुद्धा. ‘कसंतरीच’ उडवून लावता येत नाही. बाकी ‘कसंसंच’ आणि ‘कसंनुसं’ ही चुलत भावंडं. कसंनुसं हसणारा माणूस ओशाळलेला असतो, तेवढ्यावर ते थांबतं.

हा शब्द मोजक्या क्रियापदांशीच घरोबा करतो. वाटणं, होणं, दिसणं, बघणं. यातलं शेवटचं आयाबायांना चांगलं ठाऊक आहे. शाळेतून आलेली मुलगी ‘तो माणूस माझ्याकडं कसंतरीच बघतो’ एवढंच म्हणते आणि दुसऱ्या दिवसापासून आई तिला सोडायला स्टँडपर्यंत जाते. म्हणजे कसं बघतो, असं आई विचारत नाही. तिला ते विचारावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, विलक्षण गोष्टींसाठी मराठीत भारदस्त शब्द काय थोडे आहेत? आहेत ना. पण त्यांचा इतिहास पाहिला की जाणवतं, बहुतेक सगळे हळूहळू माणसाळले. ‘विचित्र’ संस्कृतात रंगीबेरंगी होता, आश्चर्यकारक होता, म्हणून तर महाभारतातल्या राजाचं नाव विचित्रवीर्य. आज शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स विचित्र असतात. ‘चमत्कारिक’ला चमत्कार आठवतसुद्धा नाही. तो हल्ली फक्त तुसड्या माणसांना लावतात.

अरबी-फारसीतून आलेल्यांची तीच कथा. ‘अजब’ घ्या. तेराव्या शतकात झकरिया अल-कझवीनी नावाचे विद्वान होऊन गेले. जगातल्या नवलांवरचा त्यांचा ‘अजाइब-उल-मखलूकात’ हा ग्रंथ पुढं शतकानुशतकं नकलला गेला. ग्रंथाच्या आरंभीच ते ‘अजब’ची व्याख्या करतात. एखाद्या गोष्टीचं कारण उमगत नाही तेव्हा माणसाची जी गोंधळलेली अवस्था होते, ती अजब. उदाहरण देतात मधमाशीच्या पोळ्याचं. पहिल्यांदा पाहणारा त्या षट्कोनांपुढं चक्रावतो, आणि रोज पाहणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं होतं. या गोंधळलेपणाला त्यांच्या भाषेत ‘हैरत’ म्हणतात. त्याच मुळातला ‘हैराण’ मराठीत आला आणि बिचारा दमून गेला. आपण उन्हानं हैराण होतो, डासांनी हैराण होतो. नवलाचा मागमूस उरला नाही.

‘गैब’ म्हणजे अदृश्य, डोळ्यांआडचं. त्यावरून ‘गैबी’. कागलला गैबी पीर आहे, हिंदू-मुसलमान दोघंही तिथं जातात. तोच शब्द आमच्या मराठवाड्यात आला आणि त्याचा ‘गैबान्या’ झाला असावा, असं मला वाटतं. लहानपणी गोट्या खेळताना दिवसातून चारदा तरी ही शिवी मी खाल्लेली आहे. कुठं ती अदृश्याची सृष्टी आणि कुठं आमचा गैबान्या!

पण माझ्या मनाला सर्वांत लागलेला शब्द ‘गरीब’. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखातून दूर आलेला. त्यावरून अनोळखी, विलक्षण. ‘अजीबोगरीब’ या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. परक्या गावात माणसाजवळ ना घर, ना शेत, ना जामीन राहणारं कुणी. म्हणून परका तो निर्धन, असा अर्थ सरकत गेला. मराठीत तो आणखी एक पायरी उतरला आणि गरीब गाय झाला. परका, मग कंगाल, मग मुकाट. एका शब्दात एवढा प्रवास क्वचितच सापडावा.

असे शेकडो शब्द माधव जूलियन यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फार्शी-मराठी कोशा’त गोळा केले. फारसीचे प्राध्यापक आणि आपले मोठे कवी. पुढं ते भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, आणि ज्या शब्दांची कोशात एवढी निगुतीनं नोंद केली त्यांतल्या अनेकांना निरोप देण्याची भाषा करू लागले. शब्द काही गेले नाहीत. कोशही राहिला. त्या वादात ‘कसंतरीच’ कुणाच्याच अध्यातमध्यात नव्हता. त्याला शुद्ध करायची गरज नव्हती आणि मिरवायचीही. विद्वानांनी त्याला हात लावला नाही म्हणूनच कदाचित त्याची धार टिकली. नाहीतर तोही एव्हाना टाइल्सपर्यंत पोचला असता.

दुसरीकडं युरोपात याच भावनेच्या शब्दावर मोठा ऊहापोह झाला. सिग्मंड फ्रॉइडनं १९१९ साली एक निबंध लिहिला, त्याचं नावच मुळी ‘उनहाइमलिश’ या जर्मन शब्दावरून ठेवलेलं. ‘हाइम’ म्हणजे घर. उनहाइमलिश म्हणजे जे घरच्यासारखं नाही ते. फ्रॉइडनं कोश उलगडून दाखवलं की ‘हाइमलिश’चा अर्थ घरगुती, मग घरातलं झाकलेलं, मग गुप्त, असा सरकत सरकत आपल्याच विरुद्धार्थी शब्दाला जाऊन मिळतो. त्याचं म्हणणं, माणसाला खरी अस्वस्थता अनोळखी गोष्टीनं येत नाही. एकेकाळी ओळखीची असलेली, दडपलेली गोष्ट पुन्हा समोर आली की ती येते. इंग्रजीतला ‘अनकॅनी’ही पाहा. त्यातल्या ‘कॅन’चा जुना अर्थ जाणणं. जे जाणिवेच्या कक्षेत बसत नाही ते अनकॅनी.

फ्रॉइडनं दुसऱ्या भाषांचाही धांडोळा घेतला आणि अरबी व हिब्रूत हा शब्द भुताखेतांच्या, भीषण अशा अर्थाशी एकरूप होतो, असं एका वाक्यात सांगून टाकलं. मी काही अरबीचा पंडित नाही. लहानपणी मदरशात जेवढं कानावर पडलं तेवढंच. तरी वाटतं, त्यानं ‘वहशत’ शब्दाकडं जरा थांबून पाहायला हवं होतं. त्यात रान आहे, रानातल्या जनावराचं एकटेपण आहे. भूत असायलाच हवं असं नाही. आणि मराठी तर त्याच्या यादीत नव्हतीच. जर्मनानं घरावरून शब्द केला, इंग्रजानं जाणण्यावरून. मराठी माणसानं सरळ प्रश्न उचलला आणि तोच उत्तर म्हणून दिला.

हे मला पुस्तकात सापडलं नाही. किल्लारीच्या बाजूला दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली होती, आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची दगडमातीची घरं माणसांवर बसली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथं लहान लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. परभणीलाही आम्ही उठून रस्त्यावर आलो होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही काही पोरं भाकरी आणि चादरींचा ट्रक घेऊन गेलो. एका गावात सगळं घर पडलं होतं आणि दाराची चौकट तेवढी उभी होती. कडी लावलेली. चौकटीजवळ एक शेतकरी बसला होता. एका बातमीदारानं त्याच्यापुढं टेपरेकॉर्डर धरून विचारलं, ‘‘कसं वाटतंय तुम्हाला?’’ मला त्या बातमीदाराचा राग आला. शेतकऱ्याला आला नाही. त्यानं त्या कडीकडं बघत शांतपणे उत्तर दिलं, ‘‘कसंतरीच वाटतंय.’’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भीषण, हृदयद्रावक, काळीज पिळवटून टाकणारं असं सगळं छापून आलं. तो शब्द आला नाही.

आता माझ्या घराकडं येतो.

आमच्या घरात दखनी बोलतात. लोक तिला उर्दू म्हणतात, आम्हीही बाहेरच्यांपुढं तसंच सांगतो. पण खरा उर्दूवाला आमची भाषा ऐकून हसतो. आम्ही ‘मत’ म्हणत नाही, ‘नक्को’ म्हणतो. तो ‘ही’ म्हणतो तिथं आम्ही ‘च’ म्हणतो. ऐसाच, वैसाच, मैंच. हा ‘च’ मराठीकडून आलेला आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ या रूपात पानोपानी भेटतो, आणि पुढं बहमनी काळापासून जी दखनी लिहिली-बोलली गेली तिनं तो शेजारणीकडून विरजण मागावं तसा नेला. श्रीधर रंगनाथ कुळकर्णी यांनी तर दखनी भाषा हा मऱ्हाटी संस्कृतीचाच एक आविष्कार, असं आपल्या ग्रंथाच्या नावातच म्हटलं आहे. लखनौकडच्या एका लग्नात मी ‘हमीच आए’ म्हणालो आणि वऱ्हाडी मंडळी जेवताना हसू लागली. मला राग आला नाही. उलट एका अक्षरात मी गोदावरी घेऊन तिथवर गेलो, याचं बरं वाटलं.

त्याच्या उलटं इकडं होतं. मराठी कवितेच्या कार्यक्रमानंतर कुणीतरी पाठीवर हात ठेवतं, ‘‘वा! तुमचं मराठी किती छान आहे हो.’’ माणूस मनापासून बोलत असतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. माझे आईबाप, आजे-पणजे याच मातीत गेले, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, हे सगळं तिथं उभ्या उभ्या कुणाला सांगायचं? मी आभार मानतो. पण त्या क्षणी काय वाटतं ते विचाराल, तर डॉक्टरपुढच्या आजींचंच उत्तर द्यावं लागेल. आपल्याच घराच्या ओट्यावर पाहुणा म्हणून कुणी आपल्याला पाट द्यावा, तसं काहीसं ते आहे.

आमच्या दखनीत ‘कसंतरीच’ला म्हणतात ‘कैसाच तो बी’. कैसा म्हणजे कसं, तो बी म्हणजे तरी, आणि च तर च आहेच. तुकडा तुकडा जुळतो. जागा तेवढी बदललेली. हे मला १९८९ साली कळलं, आणि ज्या प्रसंगानं कळलं तो सांगण्यासाठीच मी एवढा वळसा घेतला.

मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. इतिहासाच्या सरांनी काम दिलं होतं, आपापल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहून आणा. आमचं मूळ गाव गंगाखेडच्या बाजूला, गोदाकाठी. दादा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचे, सेलूच्या बाजारापर्यंत फिरायचे.

त्या काळाची चौकट थोडक्यात सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना १७ सप्टेंबरची सुट्टी तेवढी ठाऊक असते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, संस्थान झालं नाही. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून केले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला, तरुण मुलं सरहद्दीबाहेरच्या कॅम्पांत गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, आणि ते खरं आहे.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे झालं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. रझाकारांचा राग अनेक गावांत साध्या मुसलमानांवर निघाला. चौकशीसाठी केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत मराठवाड्यातले उस्मानाबाद आणि नांदेड होते. या आकड्यांवर तेव्हाही वाद झाला, आजही आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीतल्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळतो, ही बातमी २०१३ साली सर्वत्र आली.

१९८९ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडं एक दोनशेपानी वही होती आणि समोर दादी. साठीची असेल. मी विचारलं, ‘‘दादी, पुलिस ॲक्शन के वखत क्या हुआ था?’’ दादी लसूण सोलत होती. म्हणाली, ‘‘कुछ नै हुआ. तेरे दादा सेलू को थे. हम बाजू में जाको रहे.’’

‘बाजूला’ म्हणजे शेजारच्या पाटलांच्या वाड्यात. वाड्यात बळद होतं, धान्य साठवायचं, जमिनीखालचं. वर फरशीएवढं तोंड. दादी, तिची नणंद आणि दोन लेकरं, त्यांतले धाकटे माझे वडील, असे चौघं नऊ रात्री त्या बळदात होते. दिवसा झाकण बंद, रात्री घटकाभर उघडं. दहाव्या दिवशी गावात शांतता झाली आणि ते घरी आले. हे सगळं दादीनं लसणाच्या दोन गड्ड्या संपायच्या आत सांगून टाकलं. मी विचारलं, ‘‘घर लुटले थे क्या?’’

यावर ती थांबली. म्हणाली, ‘‘नै रे. घर वैसाच था. बर्तन वैसेच. गाद्या वैसीच. चूल बी कोन तो सारवको रखा था. पन घर में कदम रखी और मेरे कू कैसाच तो बी हुआ.’’

मी वहीत लिहिलं, ‘घर लुटले गेले नाही.’ पुढचं लिहिलं नाही. पोराला काय कळतं? सरांना घटना हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेलो. पाटलांच्या घरची माय तेव्हा होती. सगळं गाव तिला मायच म्हणायचं. तिनं आधी रझाकारांचं सांगितलं. तिचा दीर कॅम्पात गेला होता, त्याला शोधायला ते वाड्यात शिरले, कणग्या उलट्या केल्या. तिच्या अंगावरचे डाग मात्र वाचले, कारण ते आमच्या दादांच्या घरी कापसाच्या ढिगात होते. मग मी बळदाचं विचारलं. तिनं बोटानं जागा दाखवली. जिथं ती बसली होती तिथून दोन हात.

‘‘हितंच पंगत बसायची आमची,’’ ती म्हणाली. ‘‘झाकणावर पोतं, पोत्यावर म्या. कुणी आलं-गेलं तर उठायचं न्हाई. खाली लेकरं आन् वर आपण भाकर खायाची. आवाज येत नव्हता, तेच वंगाळ. जिती हायत का न्हाई कळंना. घास उतरत नव्हता बघ. नुसतं कसंतरीच व्हायचं.’’

चूल तिनंच सारवली होती. का, विचारलं. म्हणाली, ‘‘घर पारुसं ठिवू नये.’’

मग मी वाड्यातून घरी चालत आलो. मध्ये एक बोळ आहे, वीस पावलांचा. त्या बोळात मला तो शब्द ऐकू आला. म्हणजे दोन्ही. दादीचा आणि मायचा. एक खाली बसलेली, एक वर बसलेली. दोघींनी एकमेकींशी त्या नऊ दिवसांबद्दल नंतर कधीही एक अक्षर काढलं नव्हतं, हे मला दोघींनीही वेगवेगळं सांगितलं. चाळीस वर्षं सणावारी ताटं जात-येत राहिली. आणि तरीही दोघींनी माझ्यापुढं तोच शब्द ठेवला, आपापल्या भाषेत.

मला तेव्हापासून वाटत आलं आहे की दादीला लूट समजली असती. पडकं घर समजलं असतं. रडली असती, शिव्या दिल्या असत्या. आपलं घर जसंच्या तसं, वर सारवलेलं, आणि तरी आपलं वाटू नये, याला तिच्याजवळ नाव नव्हतं. मायलाही तेच. आपल्याच वाड्यात, आपल्याच पाटावर बसून आपलीच भाकरी तिला परकी झाली होती. दोघींवर कुणी हात टाकला नव्हता. कुठल्याही अहवालात दोघी कुठल्याही आकड्यात बसत नाहीत.

माझ्या वहीला सरांनी दहापैकी सहा गुण दिले. ‘घटनांचा तपशील कमी’ असा शेरा. बरोबरच होता.

दादी १९९६ ला गेली, माय तिच्या आधी. वडील होते तोवर त्यांना लिफ्टमध्ये चढायला सांगितलं की ते जिन्यानं येतो म्हणायचे. गंगाखेडला एका नातलगाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जायचं होतं, तेव्हाही जिन्यानंच आले. बळदात होते तेव्हा ते अडीच वर्षांचे. त्यांना त्यातलं काही आठवत नाही, असं ते शेवटपर्यंत सांगत.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. वाडा पाडून मायच्या नातवानं स्लॅबचं घर बांधलंय. चांगलं, हवेशीर. फराळाला बोलावलं होतं. बळदाचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, ‘‘मुरूम भरून घेतला चाचा, सहा ट्रॉल्या लागल्या. पाया खचू नये म्हणून.’’ वर पांढऱ्या चकचकीत फरश्या होत्या. सोफा होता. साधारण कुठं असेल, त्याचा मी अंदाज घेत होतो. दारापासून दोन हात, खिडकीकडं तोंड करून. नेमका तिथंच त्यानं मला बसवलं आणि चकलीची ताटली हातात दिली.

‘‘कसं वाटलं चाचा, घर?’’ त्यानं विचारलं.

‘‘छान आहे,’’ मी म्हणालो.